शंभर आठवडे, शून्य तक्रारी

सोमवार, ३ मार्च

आज ऑफिसात केक कापला. आमच्या नोंदवहीबद्दल शंभर आठवड्यांत एकही तक्रार आलेली नाही, त्याचा केक. लहानच आणला, कारण आम्ही तिघंच आहोत. मी कोड लिहिते, रंगारी पडद्यावर दिसणारं सगळं आखतो आणि शंकासुर तपासतो. शंकासुराचं वय एकावन्न, आणि जन्मल्यापासून त्याने कशावरही एका फटक्यात विश्वास ठेवला नसावा. केकवरची दोन शून्यं सारख्या आकाराची नाहीत अशी त्याला शंका आली. फुटपट्टी लावली. खरंच नव्हती.

ही रोजनिशी नवी आहे, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवते. आमची कंपनी फोन बनवते आणि फोनवर चालणारी नोंदवहीही बनवते. याद्या, आठवणी, मापं, जे हवं ते लिहून ठेवा. कंपनीचं नाव झालं ते या नोंदवहीमुळे, पण झालं ते परक्या फोनवर. दुसऱ्या कंपन्यांच्या फोनवर आमची नोंदवही बोललेलं लिहून घेते, फोटो चिकटवते, अक्षरं हवी तेवढी मोठी करते. त्या कामाला चौथ्या मजल्यावर साठ माणसं, काचेच्या खोल्या आणि तीन प्रकारची कॉफी. आमच्या स्वतःच्या फोनवरच्या नोंदवहीला आम्ही तिघं, झेरॉक्स मशीनशेजारची खोली आणि एक किटली. वरच्या मजल्यावर काही नवं झालं की ते आमच्याकडे दीड वर्षाने येतं, वरातीमागून घोडं. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, आमच्याकडे पिकतं तिथे खायलाही मिळत नाही. पण कुणाला सांगणार? आपलेच दात आणि आपलेच ओठ.

एवढं असून तक्रारी शून्य! पूर्वी दिवसाला चाळीस यायच्या. मग मी आठ दिवस खपून एक मोठी दुरुस्ती केली आणि एका सोमवारी तक्रारी थांबल्या. कमी कमी होत गेल्या नाहीत, एकदम थांबल्या. तेव्हापासून दर सोमवारी मी भिंतीवर शून्याचा नवा कागद लावते. नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, "इतकं गुणी बाळ मी दुसरं पाहिलं नाही." तो स्वतः परका फोन वापरतो. घरभेदी.

बुधवार, ५ मार्च

नवऱ्याच्या दोन पँटी आखूड करायला मावशीच्या दुकानात दिल्या. आई नोकरीला जायची तेव्हा मी या दुकानातच कापडांच्या ढिगाऱ्यावर झोपून मोठी झाले. आता तीच मावशी माझ्याशी टेप ओढल्यासारखी मोजून बोलते. "ठेव तिथे." "शनिवारी मिळेल." बस्स.

शेवटी मी विचारलंच, "मावशी, माझं काही चुकलं का?"

"माणसाने कळवलं की उलट दोन ओळी लिहाव्यात, एवढी रीत असते," ती म्हणाली.

"कुणी कळवलं? कुणाला?"

"ज्याचं त्याला ठाऊक." आणि मशीन चालू केलं.

चोराच्या उलट्या बोंबा! गेल्या वर्षी हिने डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं ते मला चार आठवड्यांनी शेजारणीकडून कळलं. राग धरायचा तर मी धरायला हवा. मी धरलाही आहे, फक्त तिच्यासमोर टिकत नाही.

गुरुवार, ६ मार्च

थोरल्या साहेबांनी बोलावलं. मला वाटलं शंभर आठवड्यांचं कौतुक असेल. केकचा उरलेला तुकडाही बशीत घालून नेला होता.

"तुमचं शून्य मी बघतो आहे," साहेब म्हणाले. "माणूस जे वापरतो त्याबद्दल कुरकुर करतोच. वरच्या मजल्यावर रोज नऊशे तक्रारी येतात. तुमच्याकडे एक नाही. याचा अर्थ वापरायला माणूसच नाही."

"पण साहेब, रोज हजारो फोनांवर ती उघडते. आकडे आहेत माझ्याकडे."

"कपाटात पडलेले फोनसुद्धा आपोआप काय काय उघडत असतात. मला जिवंत माणूस दाखवा."

मला दाखवता आला नाही. एकतीस मार्चनंतर आपल्या फोनवरची नोंदवही गोठवणार. म्हणजे आहे तशी राहील, तिला कुणी हात लावायचा नाही, आणि एक दिवस ती उघडायची बंद होईल. मी आणि रंगारी चौथ्या मजल्यावर जाणार, शंकासुराची पलीकडच्या इमारतीत वर्णी. साहेबांनी केक मात्र संपवला आणि चांगला होता म्हणाले.

खोलीत येऊन मी रडले. अकरा वर्षांपूर्वी या नोंदवहीची पहिली ओळ मी लिहिली आहे. आपल्याबद्दल तक्रार करणारं कुणी नाही म्हणून रडणारी या जगात मी पहिलीच असेन.

शुक्रवार, ७ मार्च

रंगाऱ्याला युक्ती सुचली. साहेबांना तक्रारी हव्यात ना? मग देऊ. नातेवाइकांत, ओळखीत ज्यांच्याकडे आपला फोन आहे त्यांना सांगायचं की नोंदवहीतलं 'तक्रार कळवा' बटण दाबून मनातलं काय ते लिहा. खोटं नको, खरंच जे खुपतं ते. रंगाऱ्याचे सासरे, माझ्या सासूबाई, शंकासुराच्या शेजारची नर्स, असे सतरा जण निघाले. सासूबाई म्हणाल्या, "तक्रार करायला मला सांगायला लागतं का गं कधी?" घरात बऱ्याच दिवसांनी सगळे मनापासून हसले.

मंगळवार, ११ मार्च

एकही नाही! सतरा माणसं आणि एक तक्रार आलेली नाही. भिंतीवरचं शून्य माझ्याकडे बघून दात काढतंय असं वाटतं.

सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "अगं, शुक्रवारीच पाठवली. लगेच 'धन्यवाद, तुमचं म्हणणं आमच्यापर्यंत पोहोचलं' असं आलंसुद्धा." माणसं थापा मारतानासुद्धा किती बारकावे घालतात! रंगाऱ्याच्या सासऱ्यांनी तर शपथ घेतली, तीही जावयाची. नर्स म्हणाली तीन पाठवल्या. तीन!

शंकासुर दुपारभर आकडे चाळत होता. मग म्हणाला, "मला एक शंका आहे."

"तुम्हाला केकचीही होती," मी खेकसले. बिचारा किटली घासायला निघून गेला. मला नंतर वाईट वाटलं, पण माझं डोकं ठिकाणावर नाही. वीस दिवस उरलेत आणि सतरा माणसांना माझ्यासाठी एक बटण दाबता येत नाही.

शनिवार, १५ मार्च

आजचं आजच लिहायला हवं.

पँटी आणायला मावशीकडे गेले. दोन्ही अर्धा इंच जास्त आखूड झाल्या होत्या. मावशीची शिलाई आणि अर्धा इंच चूक? चाळीस वर्षांत झालेलं नाही. मी काही बोलायच्या आत तीच भडकली.

"तुझ्या वहीमुळे! साडेची खूण टाकली की तिथे चौकट येते. साडेचौतीस आहे की चौतीस, मी काय ध्यान लावून ओळखू? एकवीस वेळा लिहिलं तुला. एकवीस!"

"मला? कुठे लिहिलंस?"

"त्या तुझ्या बटणात! तू तिकडे बसतेस ना? मग तुलाच येत असणार. दर वेळी धन्यवाद म्हणतेस आणि करत काहीच नाहीस."

मी म्हटलं, मावशी, तक्रार आलीच नाही, मी रोज बघते. तिने फोन माझ्या हातात कोंबला. "दाब."

मी दाबलं. 'चाचणी' एवढंच लिहून पाठवलं. लगेच उत्तर आलं, 'धन्यवाद, तुमचं म्हणणं आमच्यापर्यंत पोहोचलं.' मग माझ्या फोनवर ऑफिसची तक्रारींची यादी उघडली. शून्य. पुन्हा पाठवलं. धन्यवाद. शून्य.

ते धन्यवाद मीच लिहिलेलं आहे. बटण दाबल्यावर फिरत राहणारं चक्र साहेबांना आवडत नव्हतं, म्हणून तक्रार पोहोचली का हे न बघताच धन्यवाद म्हणून मोकळं व्हायचं, असं मीच करून ठेवलं होतं. आणि आम्ही तिघांनी ते बटण कधी दाबलंच नाही. आम्हाला काही सापडलं की मी खुर्ची वळवते आणि शंकासुराला सांगते. आम्हाला बटण कशाला हवं?

म्हणजे सासूबाई खरं बोलत होत्या. जावयाची शपथसुद्धा खरी.

"मावशी, काय लिहिलं होतंस? आता सांग ना."

"तोंडी नाही," मावशी म्हणाली. "जिथे मी लिहिलं तिथेच उत्तर दे. मग बोलू."

सोमवार, १७ मार्च

सकाळी आठला सर्व्हर रूमच्या दारात जाऊन उभी राहिले. तिथले अण्णा आले, माझं तोंड बघून म्हणाले, "आधी चहा घे."

दोन वर्षांपूर्वी तक्रार विभागाचा पत्ता बदलला होता. अण्णांनी तसं सगळ्यांना कळवलं होतं. सगळ्यांना म्हणजे चौथ्या मजल्याला. आपल्या फोनवर अजून कुणी काम करतं हे त्यांना ठाऊकच नव्हतं. "तुमची खोली झेरॉक्सवाल्यांची आहे असं मी समजत होतो," ते प्रामाणिकपणे म्हणाले.

मी विचारलं, "मग लोकांनी लिहिलेलं गेलं कुठे? पुसलं गेलं?"

त्यांनी माझाच कोड उघडून मला दाखवला. तक्रार गेली नाही तर ती फोनमध्येच जपून ठेवायची आणि नोंदवही उघडेल तेव्हा पुन्हा धाडून बघायची, हेही मीच लिहिलेलं होतं. विसरले होते! अकरा वर्षांपूर्वीच्या मला मी मनातल्या मनात दंडवत घातलं. म्हणजे सगळ्यांच्या तक्रारी त्यांच्या त्यांच्या फोनमध्ये बसून आहेत, रोज दार ठोठावत आहेत, आणि दार आम्ही हलवलेलं आहे.

"जुन्या जागी पाटी लावू," अण्णा म्हणाले. "दुकान पलीकडे हलवलं आहे, इकडून या. एका ओळीचं काम."

सव्वाअकराला पाटी लागली. आम्ही तिघं एकाच पडद्यासमोर खुर्च्या लावून बसलो. एक मिनिट काही नाही. मग एक. मग चार. मग रंगारी ओरडला, कारण आकडा वाचायच्या आत बदलत होता. जेवणाच्या सुट्टीपर्यंत सहा हजार. शंकासुराने भिंतीवरचं शून्य काढलं, नीट घडी केली आणि खिशात घातलं. "याचीच शंका होती मला," तो म्हणाला. मी त्याची माफी मागितली. त्याला माझ्या माफीचीही शंका आली असावी, पण त्याने ती घेतली.

मंगळवार, १८ मार्च

अडतीस हजार चारशे बारा! अकरा हजारांहून जास्त माणसं. जिवंत, चिडलेली, हाडामांसाची माणसं. दिवसभर वाचत होतो. इतकी बोलणी खाऊन इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता. (हे नवऱ्याने वाचू नये.)

एक गृहस्थ लिहितात, "बायकोचा वाढदिवस लिहून ठेवला होता. आठवण दुसऱ्या दिवशी आली. मी सध्या भावाकडे राहतो." एका बाईच्या बेकरीची यादी रोज उलटी होते, तरी तिने नोंदवही सोडलेली नाही, ती यादी खालून वर वाचायला शिकली आहे. एका बसचालकाने अकरा मुद्दे लिहून शेवटी म्हटलंय, "बाकी उत्तम." आणि एक जण दर सोमवारी फक्त एवढंच लिहितो, "कुणी आहे का तिकडे?" असं त्र्याऐंशी वेळा. रंगारी पडद्याकडे बघून मोठ्याने म्हणाला, "आहे हो, आहे!" झेरॉक्सला आलेली बाई दचकली.

हे सगळे बोलत होते आणि आम्ही केक खात होतो.

बुधवार, १९ मार्च

मावशीच्या एकवीसही सापडल्या. पहिल्या दोन अगदी रीतसर. "महोदय, साडेच्या जागी चौकट येते." तिसरीत, "तूच वाचतेस ना गं हे?" मग तिने मला पत्रंच लिहायला घेतलेली दिसतात. कुणाचं लग्न ठरलं, दुकानात नवं मशीन आलं, तू बारीक दिसत होतीस. प्रत्येकाखाली चौकटीची तक्रार न चुकता.

नववी अशी आहे: "अक्षरं मोठी कर बाई, आता वाचवत नाही. गुरुवारी डोळ्याचं ऑपरेशन आहे. सकाळी नऊ वाजता. येशील का?"

त्याखाली माझं धन्यवाद गेलं असणार. तुमचं म्हणणं आमच्यापर्यंत पोहोचलं.

मी जिन्यात जाऊन रडले. मग तिला फोन केला. म्हटलं, मावशी, मी वाचलं, मला आज कळलं, मी आले असते गं, धावत आले असते. तिने मशीन थांबवलेलं ऐकू आलं. मग म्हणाली, "लिहून दे." आणि फोन ठेवला. पण ठेवताना तिचा आवाज तितका कोरडा नव्हता.

अडचण अशी की लिहून देणार कुठे? परक्या फोनवर तक्रारीचं उत्तर नोंदवहीतच येतं. आमच्या फोनवर उत्तर यायला जागाच नाही. ती कुणी बनवलेलीच नाही.

शुक्रवार, २१ मार्च

साहेबांसमोर गेलो. झेरॉक्स मशीन शेजारी असण्याचा आयुष्यात पहिल्यांदा उपयोग झाला. निवडक दोन हजार तक्रारी छापून ढकलगाडीवर घालून नेल्या. लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यावरचे लोक भिंतीला चिकटून उभे राहिले.

मी आधीच सांगून टाकलं, "साहेब, ते धन्यवाद माझं होतं. चूक माझी आहे. लोकांची नाही आणि नोंदवहीचीही नाही." शंकासुर माझ्याकडे बघत राहिला, कारण चक्र कुणाला आवडत नव्हतं हे त्याला माहीत होतं. मी तो विषय काढला नाही. साहेबांनाही आठवलं असावं, त्यांनी चष्मा दोनदा पुसला.

मग ते वाचायला लागले. भावाकडे राहणाऱ्या गृहस्थांपाशी खुदकन हसले. बेकरीवाल्या बाईपाशी थांबले. तासभर वाचत होते. चहा आला, गार झाला.

"इतका त्रास होतो, तर हे लोक दुसरा फोन का घेत नाहीत?" त्यांनी विचारलं. खरंच विचारलं, टोमणा नव्हता.

शंकासुर म्हणाला, "साहेब, ज्याला जायचं तो गपचूप जातो. दोन वर्षं उत्तर न मिळता जो भांडत राहतो, तो आपल्या घरचा माणूस असतो."

शंकासुर, ज्याला केकचीही खात्री नव्हती, त्याने हे एका दमात म्हटलं.

साहेबांनी फोन उचलून चौथ्या मजल्यावरची सहा माणसं आमच्याकडे द्यायला सांगितली. गोठवणं रद्द! पहिल्या कामांची यादी त्यांनी आम्हालाच करायला सांगितली. मी तिथेच उभ्या उभ्या केली: साडेची चौकट, मोठी अक्षरं, आणि उत्तर यायला जागा. निघताना साहेब म्हणाले, "आणि बाई, चक्र फिरू द्या. पोहोचल्याशिवाय धन्यवाद नको." त्यांनाही आठवलं होतं तर.

जिन्यात आम्ही तिघांनी उड्या मारल्या. रंगाऱ्याचा पाय मुरगळला. लंगडत लंगडत हसत होता.

गुरुवार, ३ एप्रिल

सहा नवी माणसं, खोलीत पाय ठेवायला जागा नाही, किटली पुरत नाही. पहिल्या दिवशी नाकं मुरडून आली होती. मी प्रत्येकाला पन्नास पन्नास तक्रारी वाचायला दिल्या. आज त्यांच्यातली एक जण बसचालकाच्या सातव्या मुद्द्यावरून माझ्याशी हमरीतुमरीवर आली. तिचंच बरोबर होतं. घरी येताना मी रस्त्याने गुणगुणत होते.

रविवार, १३ एप्रिल

परवा शुक्रवारी नवी नोंदवही सगळ्या फोनांवर गेली. आज सकाळी मावशीचं दुकान गाठलं. ती खडूने कापडावर रेघा मारत होती. वर बघितलं नाही. मी तिचा फोन घेऊन अक्षरं मोठी करून दिली. साडेचौतीस लिहून दाखवलं, चौकट नाही, साडेचौतीस. तिने पाहिलं, "हं" म्हणाली आणि पुन्हा खडू उचलला.

मी तिथेच, कपाटाला टेकून, माझ्या फोनवर तिची नववी तक्रार उघडली. येशील का? खाली आता उत्तर लिहायची जागा आहे, आम्हीच केलेली. काय काय लिहायचं ठरवून आले होते. माफीची तीन वाक्यं तर पाठच केली होती. त्यातलं काही लिहिलं नाही. लिहिलं, "आले, मावशी." पाठवलं. चक्र फिरलं, थांबलं.

कापडाखाली तिचा फोन वाजला. तिने खडू ठेवला, हात पुसले, फोन लांब धरून चष्म्याशिवाय वाचलं. दोनच शब्द होते, पण ती बराच वेळ वाचत होती. मग पायाने स्टूल माझ्याकडे सरकवलं.

"मग उभी का अशी? बस," मावशी म्हणाली. "दुसऱ्या डोळ्याचं बावीस तारखेला आहे. की हेही लिहूनच कळवू?"